अडीच चौरस मिलिमीटर

याद्विगाबाई आल्या तेव्हा
दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती.
कापडी पिशवीत उंदरानं कुरतडलेली वायर.
"ही आता बोलत नाही," म्हणाल्या.
म्हटलं, वायर कुठे बोलते बाई, बोलतो तो स्पीकर.
"आणि घसा काय करतो रे मग, तिमोन?"

आमच्या या शहराचं नाव होडी.
नदी केव्हाच रस्त्याखाली नळात घातली.
गिरण्यांची धुराडी तेवढी उभी,
एकीत हॉटेल, एकीत जिम,
आणि जिथे आता जिम
तिथे बाईंनी एकतीस वर्षं
मागांच्या खडखडाटात काढली,
कानांतला वरचा पट्टा तिथेच ठेवून आल्या:
चिमण्या, किल्ल्या, स आणि श-मधला फरक.
आमच्या पोलिश भाषेत तर निम्मी अक्षरं त्याच कुळातली.

मी काचेच्या कपाटातलं रीळ काढलं.
चांदीचा मुलामा, वर निळी रेशमी वेणी,
मीटरला एकशे चाळीस झ्वॉती.
खोक्यावर छापलेलं: वरचे स्वर दवासारखे स्वच्छ.
त्यांनी ते मोठ्यांदा वाचलं,
माझ्याकडे बघितलं.
मी रीळ परत ठेवलं.

मग बादलीतलं स्वस्त, पारदर्शक,
आतून तांब्याची झळाळी.
बाईंनी पर्समधून ब्लेड काढलं,
एक तंतू खरवडून दिव्याखाली धरला.
पांढरा.
पितळ उघडं पडलं म्हणावं
तर तेही नव्हतं, अ‍ॅल्युमिनियम होतं.
"पॉलिस्टरला लोकर म्हणायचे लोक," म्हणाल्या,
"मी एक धागा जाळायची. वास खोटं बोलत नाही."

शेवटी दाराजवळचं काळं रीळ.
अडीच चौरस मिलिमीटर, साधं तांबं,
ज्याची धूळ मी कधी पुसत नाही.
त्यांनी टोक सोललं, तंतू चिमटीत फिरवले,
आणि पीळ बसला, घट्ट, एकसारखा,
मला बारा वर्षांत न जमलेला.
एकच चुकार बाहेर राहिला.
"हाच शेजारच्याला जाऊन भिडला
तर अ‍ॅम्प्लिफायर खलास," मी बजावलं.
"असा एक प्रत्येक ताण्यात असतो,"
थुंकी लावून त्यांनी त्याला आत घेतलं.

डावीकडे सहा मीटर, उजवीकडे दोन पुरेत.
"दोन्हीकडे सहा."
चार मीटरनं विजेला काय फरक पडतो, मी समजावलं.
"मला ऐकू येणार नाही, ठाऊक आहे.
पण एका पन्ह्याचं कापड दोन मापांत मी कधी..."
पुढे बोलल्या नाहीत. मी सहा-सहा कापली.

प्लग चार, मी म्हणालो.
आठ, त्या म्हणाल्या, वायरला दोन टोकं असतात.
सोनेरी नकोत. डोळे मिटून
एकेक खोबणीत घातला, ओढला, घातला,
आणि निकेलचे निवडले, मळकट, पण धरून ठेवणारे.
मी डाखणी तापवली.
त्यांनी धन टोकांना लाल दोरा बांधला,
विणकरी गाठ, कात्री न लावता तोडलेली.

रविवारी फोन.
"तिमोन, मधोमध पोकळ आहे."
गेलो. रेकॉर्डवर डबल बास होता म्हणे,
मला तर नुसती बोटं तारांवर घासल्यासारखी.
बाई स्पीकरवर तळहात ठेवून उभ्या,
ताप बघावा तशा.
"इथे येत नाही," आणि छातीवर थाप मारली.

डावा स्पीकर उलटा जोडलेला.
म्हणजे एक पडदा पुढे जाई तेव्हा दुसरा मागे,
दोघं मिळून एकमेकांचं खाऊन टाकत.
दोरा बरोबर होता.
सोल्डर करताना मीच
वायरवरच्या छापील रेघेवर भरवसा ठेवला होता.

प्लग बदलले.
बशीतली कपबशी किणकिणली, ती त्यांनी पाहिली.
मग चपला काढल्या, अनवाणी उभ्या राहिल्या
लाकडी जमिनीवर, काही न बोलता.
मी कॉफी संपवली.

उजवीकडची जास्तीची चार मीटर
सोफ्यामागे वेटोळं करून पडली होती,
तिच्यावर त्यांचं मांजर झोपलेलं.
ते उठलं, इकडे तिकडे पाहिलं,
आणि दुसऱ्या खोलीत गेलं.